कंसातलंही वाचणाऱ्या रंभाबाई

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रंभाबाई खुर्च्या मांडत होत्या. सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या या सफाई कामगार पन्नाशीत वाचायला शिकल्या. आज तिथल्या नाट्यवाचनात त्यांना पहिल्यांदाच भूमिका मिळाली होती, सासूची. जमलं तरच पुढे बोलावणं येणार होतं.

वाचन सुरू झालं. आपली पाळी येताच त्यांनी खणखणीत वाचलं, "चालती हो! रागाने दार आपटते."

सभागृह हसलं. "मावशी, कंसातलं वाचायचं नसतं," नाट्यवाचनाचा गट चालवणाऱ्या ऋतुजा म्हणाल्या.

"मग दार आपटलं हे कसं कळंल, ताई? हितं स्टेजवर दार कुटं हाय?"

स्टेजवर नुसत्या चार खुर्च्या होत्या. पुढे सगळ्यांच्या कंसातल्या सूचना रंभाबाईंनीच वाचल्या.

फळ्यावर आता पुढच्या शनिवारसाठी 'कंस : रंभाबाई' लिहिलं आहे. उद्या सकाळी सातला त्या नेहमीप्रमाणे सभागृह झाडतील. फळा तेवढा पुसायचा नाही.