राजाचा हात आणि घंटेवरचं साल

हेझलकम गावात थॉमसिन पेलोसारख्या गुंड्या कोणी विणत नसे. मेंढ्याच्या शिंगाची चकती घ्यायची, तीवर सुताचा दोरा असा फिरवायचा, की बघणाऱ्याला दोऱ्याचं टोक सापडू नये. पण हीच थॉमसिन भर उन्हाळ्यातही मानेला फडकं गुंडाळून बसायची. फडक्याखाली गंडमाळा होत्या.

बाराव्या वर्षी त्या उठल्या. त्या देशी या रोगाला औषध एकच, राजाचा हात. आणि नेमका राजाच नव्हता! लोकांनी त्याचं मुंडकं उडवलं होतं आणि त्याचा पोरगा परमुलखात वणवण करत होता. गावचा वैद्य पळाला तर शेजारच्या गावचा आणता येतो. राजा कुठून आणायचा? थॉमसिननं दहा वर्षं वाट पाहिली. बाविसाव्या वर्षी एकदाची बातमी पक्की झाली: राजा परत आलाय, राजधानीत बसलाय आणि वसंतात हात लावतोय.

पण हात लावला की राजा गळ्यात पांढऱ्या फितीत सोन्याचं नाणं घाली. काही पठ्ठे ते नाणं विकून पुन्हा मान उघडी टाकून रांगेत उभे राहू लागले. म्हणून हुकूम निघाला: या माणसाला याआधी राजाचा हात लागलेला नाही, अशी गावच्या पाद्रीची चिठ्ठी आणा. चिठ्ठी नाही तर शस्त्रवैद्य मान बघणार नाही, राजासमोर जायचा बिल्ला देणार नाही. मग दार बंद.

थॉमसिन चिठ्ठीला गेली. पाद्री लव्हेल गावात तीन वर्षांपूर्वीच आलेला, माणूस सरळ, पण कागदाला चिकटणारा. त्यानं राजाकडे जाऊन आलेल्यांची जुनी वही उघडली आणि बोट ठेवलं.

"हे बघ. थॉमसिन, वॉल्टर पेलोची मुलगी. राजाचा हात लागला. मग आता पुन्हा कशाला?"

"मी कधी वेशीबाहेर गेले नाही, पाद्रीबाबा!"

"सगळे हेच म्हणतात. नाणं कुठंय?"

"मिळालंच नाही तर दाखवू कुठून?"

"तेच तर. विकणाऱ्यांकडेही नसतंच."

थॉमसिनला वाचता येत नव्हतं. आई-बाप दोघंही मातीआड. साक्ष कोणाची काढणार? ती बाहेर आली आणि चर्चच्या भिंतीला टेकून हमसून हमसून रडली.

तिथंच म्हातारा गिडियन खड्डा खणत होता. पन्नास वर्षं गावाला पुरणारा हाच. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अगं घंटेच्या पोरी, मेलेल्यांसाठी लोक इथं रडतात. तुझं कोण गेलं?"

तिनं सगळं सांगितलं. म्हातारा कुदळ टाकून तरातरा पाद्रीकडे निघाला.

"पाद्रीबाबा, त्या नोंदीवर साल कोणतं?"

"सोळाशे सदतीस."

"मग ती ही नव्हेच! ती हिची थोरली बहीण. राजाकडून आली तेव्हा मान धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ झाली होती. वर्षभरानं गिरणीच्या पाटात बुडाली. नाण्यासकट मीच पुरली तिला. मग ही झाली, आणि आईनं तिचंच नाव हिला ठेवलं. आपल्याकडे ठेवतातच की!"

मागोमाग आलेली थॉमसिन दारातून ऐकत होती. आईनं जन्मात कधी या बहिणीबद्दल शब्द काढला नव्हता.

"मग मृतांची वही कुठंय?" पाद्री म्हणाला.

"ती लढाईत शिपायांनी बंदुका ठासायला फाडली. बाप्तिस्म्याचीही. पण हिला घंटेची पोर का म्हणतात, विचारा की गावाला! नवी घंटा पहिल्यांदा वाजली त्याच दिवशी हिच्या डोक्यावर पाणी पडलं. आणि घंटेवर साल ओतलेलं आहे. तुमचे पाय तरुण आहेत, चढा."

पाद्री घंटेच्या मनोऱ्याची शिडी चढला. खाली दोघं श्वास रोखून उभे. बऱ्याच वेळानं वरून धापा टाकत आवाज आला, "सोळाशे चाळीस!" आणि मागोमाग, डोकं आपटल्याचा दणदणीत टोला. सगळ्या गावानं ऐकला.

कपाळावर टेंगूळ घेऊनच त्यानं चिठ्ठी लिहिली. "हे टेंगूळ राजाला दाखवून चालेल का?" गिडियननं विचारलं. पाद्री हसला, तेव्हा कुठं थॉमसिनही हसली.

मग काय, राजधानीची वारी झाली, शस्त्रवैद्यानं मान चाचपली, बिल्ला मिळाला. राजाचा हात ऊबदार होता, एवढंच तिला पुढं आठवे. गवतकापणीपर्यंत गाठी बसल्या. हातानं, की हवेनं, की दहा वर्षांचा घोर गेल्यानं, ते देव जाणे. फडकं मात्र तिनं चुलीत घातलं आणि नाणं मरेपर्यंत गळ्यात ठेवलं.

तिला पाच मुलं झाली. तिसरी मार्जरी पाळण्यातच गेली. पुढच्या मुलीच्या वेळी शेजारीण म्हणाली, "हिलाच मार्जरी म्हण ना, नाव रिकामंच आहे."

"नको गं बाई," थॉमसिन म्हणाली, "तिचं नाव तिच्याजवळच राहू दे. हिला उद्या चिठ्ठी लागली तर? घंटा काय दर वर्षी ओतत नाहीत."