अवतरणातले ‘नाही’

शिवाजी पेठेतल्या पोरींना फुटबॉल शिकवणारी क्रांती पोटासाठी एका साप्ताहिकाची वेबसाइट सांभाळायची. संपादक विश्वजित सरांनी एकदा तिचीच मुलाखत छापली. ती म्हणाली होती, “आमच्या पोरी पोरांपेक्षा कमी न्हाईत.” छापून आलं, “आमच्या पोरी पोरांपेक्षा कमी.” तालमीच्या कट्ट्यावर पोरं ते वाचून खिदळली, आणि तिची गोलकीपर रक्षिता हिचा खेळ वडिलांनी बंद केला. क्रांतीनं जाब विचारला, तर सर हसले.

“एका शब्दानं काय आभाळ कोसळतंय व्हय?”

ती आतून पेटली.

सरांच्या वाढदिवसाला त्यांची लांबलचक मुलाखत वेबसाइटवर चढवायचं काम तिच्याकडंच आलं. मजकुरातलं हवं ते हुडकून काढणारं एक सूत्र, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, तिनं लिहिलं. अवतरणचिन्हांच्या आतले ‘नाही’ आणि ‘नाहीत’ तेवढे पुसायचे, बाहेरच्यांना हात लावायचा नाही. पहिल्या खेपेला सूत्रानं पहिल्या चिन्हापासून शेवटच्यापर्यंत सगळंच एक अवतरण धरलं. तिनं शांतपणे ते सुधारलं.

मग वेबसाइटवरच्या मुलाखतीत सर गावाला सांगू लागले, “मी पाकिटं घेतली. मी खोटं छापलं. मी पुढाऱ्यांपुढं वाकलो.”

दुपारपर्यंत ते मोबाइलवरून कोल्हापूरभर झालं. सरांचा फोन आला.

“क्रांते, तुझी नोकरी गेली!”

“गेली तर गेली की.”

सर किंचाळतच राहिले. तिनं फोन ठेवला नाही. तिला ते ऐकायचं होतं.