कवळीची आतली बाजू

सासूबाईंची पहिली कवळी मी बिघडवली. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. कोल्हारला माझा दातांचा दवाखाना नवा होता. सासूबाई देवळाली प्रवऱ्याहून आल्या. मी त्यांना मामी म्हणतो. तोंडात एक दात नाही; भाकरी दुधात कुस्करून खायला त्या कंटाळल्या होत्या. कवळी मीच केली आणि ती छान बसली. मामींनी ती काढून आतून बोट फिरवलं.

"जावईबापू, भाईरून आरसा आन् आतून दळायचं जातं? लई खरखरीत हाय."

"आतून तसंच ठेवायचं असतं, मामी."

"व्हय, सासूला काय, समदं चालतंय!"

बायको हसली. आतल्या बाजूला हिरडीचा ठसा जसाच्या तसा उतरलेला असतो, ती घासायची नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मशीनवर धरून चकचकीत केली. मामी खूश.

कवळी सैल झाली, चावताना डुलायला लागली. नवी करून देतो म्हणायचं सोडून मी म्हणालो, "सवय होईल." त्यांनी मनापासून सवय करून घेतली. झोपतानाही काढायच्या नाहीत. डुलत्या कवळीखाली जबड्याचं हाड दबतं, झिजत जातं. पुढे ती बोलतानाच पडायला लागली, तेव्हा मी वयावर ढकललं. वयानेही हाड झिजतंच, म्हणून तर ती सबब माझ्या तोंडातून सहज निघाली.

मामी गावभर सांगायच्या, "जावयाची कवळी झ्याक हाय, माझाच जबडा नाठाळ." ते ऐकून देवळालीची माणसं माझ्याकडे यायला लागली.

दुसरी कवळी केली ती उशिराच. आतून हात लावला नाही. उरलेल्या हाडावर ती बरी बसते. मामी आता भाकरी मोडून खातात, वर मिरचीचा ठेचा मागतात. समोर बसून जेवताना मला बरं वाटतं.

परवा वाचलं की जबड्याच्या हाडात बसवायच्या दातांची धातूची मुळं आता मुद्दाम खरखरीत करतात, म्हणजे हाड त्यांना घट्ट धरतं. जेवताना सहज मामींना सांगितलं.

"म्हंजी खरखरीतच बरं व्हय? मंग तवा चूक माझीच. मीच हट्ट केल्ता."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि ठेचा त्यांच्याकडे सरकवला. हट्ट त्यांचा होता. नाही म्हणायचं काम माझं होतं. एवढं एक वाक्य मी मामींचं देणं लागतो.