उजवीकडची काळी पट्टी

चौलच्या घरी पोचले तेव्हा आई टीव्हीसमोर बसून विटा रचत होती. गेम जुना आहे. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून खाली नीट बसवायच्या. आडवी ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते. आम्ही शाळेत असताना हे यंत्र दादासाठी घेतलं होतं. दादाचा नाद सुटला, आईला लागला. दुपारची भांडी झाली की ती खेळायला बसते. गेल्या वर्षी जुना टीव्ही बंद पडला आणि नव्या टीव्हीला हे यंत्र जोडता येईना. तेव्हा दादाने पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून त्यात एक लहान बोर्ड बसवून आणला.

चप्पल काढता काढता पडद्याकडे पाहिलं. चित्र डावीकडे सरकलं होतं. उजव्या कडेला काळी पट्टी होती आणि सगळ्यात डावीकडची उभी रांग पडद्याबाहेर गेली होती.

"आई, चित्र सरकलंय."

"कुठं? बरोबर हाय की," नजर न हलवता ती म्हणाली.

मी बसले नाही.

हिवाळ्यात आईला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला होता. डावा हात हळूहळू परत कामाला लागला. अलिबागच्या डॉक्टरांनी घरी सोडताना एक गोष्ट बजावली होती. डाव्या बाजूचं दिसणं पुढे कधीही जाऊ शकतं आणि गेलं तर कदाचित त्यांना स्वतःला कळणारही नाही. घरच्यांनी लक्ष ठेवा. त्यावरून आई आणि दादात ठरलं. आई चौलला एकटी राहील. काही बदललं तर त्याच दिवशी सांगेल. डोळ्यांचं काही निघालं तर पुण्याला जाईल. आईने मान डोलावली होती. पुणं तिला सोसत नाही. "तिकडं वारा कुठून येतो तेच कळत न्हाय," एवढंच कारण ती देते.

दादा शनिवारी येणार होता.

चित्र सरकलं होतं हे मला स्पष्ट दिसत होतं, तेव्हा बिघाड यंत्रात होता. पण त्याने आईची सुटका होत नव्हती. रोज पाहणाऱ्या माणसाला एक अख्खी रांग गेल्याचं कळू नये, हा वेगळा बिघाड होता. चित्र जागेवर आल्याशिवाय दुसऱ्याचा छडा लागणार नव्हता.

टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचा आकार बदलून पाहिला. पट्टी रुंद झाली, अरुंद झाली, गेली नाही. डिशचं चॅनल लावलं. बातम्या देणारी बाई बरोबर मधोमध होती. म्हणजे टीव्ही ठीक. गेमची दुसरी कॅसेट घातली. तीही तेवढीच सरकलेली. मी उठत होते, बसत होते, टीव्हीच्या मागे जाऊन वायर हलवत होते. वायर हलली की चित्र थरथरायचं आणि पुन्हा डावीकडे जाऊन बसायचं.

"कशाला वणवण करते? खेळू दे की मला," आई म्हणाली.

"तुला डावी रांग दिसतेय?"

"खेळतेय न्हाय का मी?"

हे उत्तर नव्हतं. पडवीत जाऊन पुण्याच्या त्या माणसाला फोन लावला. दादाला काही बोलू नका, असं आधी सांगितलं. तो म्हणाला, चित्राची ओळ कुठून सुरू करायची याची खूण यंत्र टीव्हीला पाठवत असतं. खूण अशक्त झाली की टीव्ही चुकीच्या जागेवरून सुरुवात करतो. आधी पिना बघा, मग बोर्ड.

यंत्रामागचा वायरीचा प्लग ओढून काढला. पिनांवर काळपट, चिकट थर होता. बोटाला लागला तेव्हा वास ओळखीचा वाटला. रेवदंड्याच्या जेटीवर मामाच्या गॅरेजात हाच वास येतो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बोटी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढल्या की त्याचे हात मोकळे होतात आणि मग तो नातेवाइकांच्या घरांतून ग्रीसचा डबा घेऊन फिरतो. बिजागऱ्या, सायकलची चेन, पंपाचा नट, इन्व्हर्टरच्या बॅटरीची टोकं, काही सोडत नाही. फोन केल्यावर तो लगेच स्कूटरवर आला. मी चिकट पिना त्याच्यापुढे धरल्या.

"लावलं ना," तो म्हणाला. "खाऱ्या हवेत गिरीस लावल्याबिगर पितळ टिकतं का? बॅटरीला लावतो तसंच हे."

"मामा, बॅटरीचं टोक आवळून बसतं. ही पिन केसासारखी आहे. मध्ये ग्रीस गेलं की वीज अडते."

"मग बोलायचं ना आधी! मला काय ठावं तुमच्या खेळण्याला पण नाजूक पोट हाय."

स्पिरिट आणि कापूस घेऊन पिना पुसल्या. चित्र थोडं उजवीकडे आलं आणि थांबलं. रांग अर्धी दिसू लागली. यंत्राचं झाकण उघडलं, तर मामाने आतल्या सॉकेटमध्येही काडीने ग्रीस भरलं होतं. ते काढायला वेळ लागला. मामा टॉर्च धरून बसला आणि माझ्या प्रत्येक हालचालीवर "हळू, हळू" म्हणत राहिला. झाकण लावून बटण दाबलं. चित्र मधोमध आलं. काळी पट्टी गेली.

मी आईकडे पाहत होते, पडद्याकडे नाही. ती एकदम पुढे झुकली. डोळे डाव्या कडेवर खिळले होते.

"ही रांग," ती म्हणाली. "ही खेळाच्या डब्यातनंच गेली होती?"

"हो."

"माझ्या डोक्यात न्हाय?"

ती मामाकडे वळली. "मुडद्या! बोटी वर ओढल्यापासनं मी रोज एक डोळा झाकून बघते. दाराची चौकट दिसते, तुळस दिसते, हिथं आलं की डावं गायब. म्हटलं झालं, डॉक्टर बोलला तसं झालं. आणि तू गिरीस फासून मोकळा!"

"अगं ताई, मला सांगायचं ना."

"तुला सांगितलं असतं तर साऱ्या जेटीला कळलं असतं."

मामा हसला, पण त्याचं हसू टिकलं नाही. आई त्या खेपेला पुरता डाव खेळली. डावी रांग तिने बराच वेळ रिकामी ठेवली. मग लांब वीट आली, ती तिने सरळ डावीकडे नेऊन उभी सोडली आणि कंट्रोलर खाली ठेवला.

"लाव फोन त्याला," ती म्हणाली.

फोन स्पीकरवर टाकला. आईने दादाला सगळं सांगितलं. दिसत नव्हतं, सांगितलं नाही, आता दिसतंय, मामाचं ग्रीस. वर्तमानपत्रात मी दिवसभर लोकांच्या बातम्या कापते; ही बातमी असती तर तिचं एक वाक्यही मी कापलं नसतं.

मग दादा म्हणाला, "आई, आणि खरंच डोळ्यांचं असतं तर? सांगितलं असतंस?"

मामा अंगणाकडे पाहू लागला.

"न्हाय," आई म्हणाली.

"मग कशाच्या भरवशावर तुला तिथं ठेवू?"

"शनिवारी ये. डॉक्टरकडं जाऊ, त्यानं तपासू दे. तो बोलेल ते मी ऐकेन."

"तो एकटं राहू नको म्हणाला तर?"

"तर बॅग तू भर," आई म्हणाली. "मी भरणार न्हाय."