मालक मेले

नागेश राव गेल्याचं कळलं तेव्हा मी म्हैसुरात कुवेंपुनगरच्या बसथांब्यावर उभा होतो आणि खरं सांगायचं तर माझा त्यावर विश्वास बसला नाही. मोबाइलवर त्याच्या मुलीचा, मेघनाचा, एका ओळीचा निरोप होता. अप्पा सकाळी गेले, एवढाच. मनात पहिली आली ती शंका. गेले म्हणजे कुठं गेले? हा माणूस जन्मभर अर्धं वाक्य बोलायचा आणि उरलेलं समोरच्यानं शोधावं म्हणून मिशीत हसत बसायचा. मी फोन लावला, तिनं उचलला नाही. तशीच रिक्षा केली. त्यांच्या दारात चपलांचा ढीग दिसला आणि मग... मग शंकेला जागा राहिली नाही. आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना अहोजाहोच करत होतो. लिहिताना मात्र त्याला 'तो' म्हणतोय. समोर असता तर जमलं नसतं.

मी मूळचा बार्शीचा. वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला आणि पदवी हातात घेऊन उतरलेला पहिला माणूस मी, मराठी घेऊन बी.ए. हे मी अभिमानानं सांगतो, कुणाला खटकलं तर खटकू दे. म्हैसूरला आलो ते शाळेतल्या मुलांसाठी संगणकावरचे धडे तयार करणाऱ्या एका ऑफिसात. मराठी मजकूर मी लिहायचो, चित्रं नागेश काढायचा आणि ती हलतीबोलती करायचा. त्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी, पण अशी की दर दोन शब्दांनंतर कन्नड. तो चित्रांत परस्पर वाक्यं घालायचा आणि मी ती लाल करून परत पाठवायचो.

"राव, हे मराठी नाही."

"मग काय आहे हो? आमची आज्जी जन्मभर हेच बोलली. तिला पण नापास करा की."

सगळे हसायचे. मी नाही हसायचो. पिढीजात शिकलेल्या घरांतली माणसं गोड हसून बोलायला लागली की मी सावध होतो. ती सवय मला आयुष्यानं लावली आहे आणि तिनं मला फारसं फसवलेलं नाही.

सुरुवातीला राहायला खोली नव्हती. नागेश रोज संध्याकाळी त्याच्या स्कूटरवर मला घेऊन फिरायचा. "भाड्याने आहे" अशी पाटी दिसली की थांबायचा, घरमालकाशी कन्नडमध्ये बोलायचा आणि मी मागं हातात हेल्मेट घेऊन उभा. मालक माझ्याकडं एकदा बघायचा, नागेशला काहीतरी विचारायचा, नागेश काहीतरी सांगायचा आणि खोली नेमकी आदल्याच दिवशी गेलेली असायची. एकदा, दोनदा ठीक. पण प्रत्येक दारात? मला कन्नडचं अक्षर कळत नव्हतं. हा नक्की काय सांगतोय माझ्याबद्दल? विचारलं तर म्हणायचा, "सुम्ने, असंच बोललो." सुम्ने म्हणजे उगाच. उगाच बोलून खोल्या जातात काय? शिवाय त्याच्या स्वतःच्या घराला जिना होता, तो मी पाहिला होता. "वर काय आहे?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सामान." शेवटी गोकुलमच्या पुढं मला एक खोली मिळाली, ती मी एकट्यानं जाऊन मिळवली, मोडक्या हिंदीत.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यानं ते चित्रकथेचं काम काढलं. ऑफिसचं नव्हे, स्वतःचं. इंटरनेटवर वाचायची चित्रकथा, पण नुसती बघायची नाही. दारावर क्लिक केलं की दार उघडणार, मांजरावर केलं की मांजर पळणार, आणि कुठं क्लिक करायचं ते वाचकानंच शोधायचं. तेव्हा असल्या गोष्टी फ्लॅश नावाच्या तंत्रावर चालायच्या. कथेचं नाव 'खोली भाड्याने आहे'. नायक, एक बारका, ताठ मानेचा माणूस, काखेत पदवीची गुंडाळी, दारोदार खोली मागत फिरतोय. त्याच्यावर क्लिक केलं की तो म्हणतो, "आमच्या घरात पहिला पदवीधर मी." माझं वाक्य! शब्दन् शब्द माझं. ऑफिसात जो तो क्लिक करून ऐकत होता.

तरी मी दात आवळून वाचत गेलो. दार, नकार. दुसरं दार, पुन्हा नकार. शेवटी एक जुनं घर, जिना, आणि भिंतीवर हातानं रंगवलेली पाटी: 'मालक मेले'. शेजारी एक बोट, सरळ आभाळाकडं दाखवणारं. म्हणजे मालक देवाघरी. कथा संपली. या माणसाला खोली देण्यापेक्षा लेखकानं मालकच मारून टाकला! मी संगणक बंद केला आणि त्या विषयावर नागेशशी पुन्हा बोललो नाही. त्यानं एकदा विचारलं, "वाचलंत काय, शेवटपर्यंत?" मी म्हणालो, "वाचलं. कळलं." तो जरा बघत राहिला... आणि नेहमीसारखा हसला.

पुढं आम्ही नोकऱ्या बदलल्या, माझं लग्न झालं, तो घरी येत राहिला, मीही जात राहिलो. मैत्री होती. पण बुटात खडा असावा तशी ती पाटी आत होती. मुलाच्या शाळेमुळं मी कन्नड लिहाय-वाचायला शिकलो, तोवर ब्राउझरांनी ते फ्लॅशचं तंत्र बंद करून टाकलं होतं. नागेशची चित्रकथा उघडायला गेलं की करडा चौकोन दिसायचा, आत काही नाही.

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमीच लिवा यांच्यावर. तुमाला मराठी येतंय." मी हो म्हणालो आणि अडकलो. ज्या माणसानं मला सगळ्यांसमोर हसण्याचा विषय केला, की केला नाही, हेच ठाऊक नाही, त्याच्यावर काय लिहिणार? चांगलं लिहिलं तर स्वतःशी खोटं, वाईट लिहिलं तर कदाचित त्याच्याशी. आधी ती चित्रकथा पुन्हा वाचणं भाग होतं. इंटरनेटवर तिचा कुणीतरी टाकलेला व्हिडिओ मिळाला. पण त्यात क्लिक दुसऱ्याचे. आपण थांबावं तिथं तो पळतो, आपल्याला उघडायचं ते दार तो उघडतच नाही. असल्या वाचनावर माझा भरवसा नाही. आणि तो व्हिडिओही त्या पाटीशीच संपत होता.

मेघना बेंगळुरूहून पुन्हा आली, तेव्हा एका दुपारी त्यांच्या घरी बसलो. वहिनी मागं भाजी निवडत होत्या. मेघनानं सांगितलं की जुनी फ्लॅशची कामं चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट म्हटल्यावर मी आधी त्यात काय गोम आहे ते विचारलं. "गोम म्हंजे?" ती म्हणाली. मराठी तिची तेवढीच. जुन्या वेबसाइटींच्या प्रती जपून ठेवणारा एक साठा असतो, त्यातून तिनं वडिलांची चित्रकथा उतरवून घेतली. मला भीती अक्षरांची होती. त्या काळचे मराठी फॉन्ट आज उघडले की नुसता चिवडा दिसतो. पण नागेशनं एकही फॉन्ट वापरला नव्हता. प्रत्येक अक्षर त्यानं चित्रासारखं हातानं काढलं होतं, म्हणून सगळं जसंच्या तसं राहिलं.

"अंकल, घाईनं क्लिक करू नका, ते लोड व्हायलंय अजून."

बारका माणूस उभा राहिला. मी त्याला मुद्दाम क्लिक केलं नाही. पहिलं दार उघडलं. दारात स्कूटरवाला, मिशीवाला मित्र, मालकाशी बोलतोय. त्याच्या फुग्यात कन्नड लिपी. तेव्हा मला ती नक्षी वाटली होती, आता वाचता आली. मालक विचारतोय, "याव जना?" म्हणजे कोण लोक हे? मिशीवाला म्हणतोय, "इवरु नम्मवरु." हे आमचेच. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्यातही तेच, फक्त अक्षरं मोठी होत गेलेली, जणू तो ओरडून सांगतोय.

पण खरं सांगतो, माझी शंका गेली नाही. चित्र काढणारा स्वतःला चांगलाच काढतो. स्कूटरवरून उतरून तो खरोखर हेच म्हणाला होता, याला पुरावा काय? मी पुढं क्लिक करत गेलो. जुनं घर आलं, जिना आला, पाटी आली. 'मालक मेले'. जिन्यावर क्लिक केलं आणि पडदा पांढरा झाला.

"बघ," मी मेघनाला म्हणालो, "इथंच संपतं. मालक मेला, खोली नाही."

"नाही अंकल, एरर आलाय. एक फाइल सापडंना. प्रत काढणारं मशीन जिन्यावर चढलंच नसेल." तिनं लाल अक्षरं मोठी करून वाचली. "फाइलचं नाव मेले."

"मेले नावाची फाइल? हा कसला विनोद?"

मागून वहिनींचा आवाज आला. "विनोद कसला? मेले म्हंजे वर की हो, भावजी. मालक वर आहेत म्हणून लिवलंय. इतकी वर्षं म्हैसुरात राहून हे कळंना तुमाला?"

मेले. कन्नडमध्ये वर. रोज बसमध्ये, दुकानात, दवाखान्यात ऐकतो तो शब्द. वर जा, मेले होगी. पण देवनागरीत लिहिलेला दिसला आणि मी, मराठीचा पदवीधर, त्याला मराठी म्हणूनच वाचून बसलो. आभाळाकडचं बोट जिना दाखवत होतं.

"वर म्हणजे कुठं?" मी विचारलं.

वहिनींनी मान उचलून छताकडं पाहिलं. "इथंच. आमच्या डोक्यावर. ती खोली रिकामी होती तेव्हा. यांनी तुमच्यासाठी विचारलं होतं. मामंजी नको म्हणाले. कोण, कुठले, काय खातात... तुमाला माहितंय की. हे दोन दिवस जेवले नाहीत, पण भांडले पण नाहीत. वडिलांपुढं तोंड उघडत नव्हतं यांचं."

म्हणजे माझी शंका अगदीच खोटी नव्हती. वरती सामान नव्हतं. नकार त्याच्याच घरात होता आणि तो मला स्कूटरवर घेऊन दुसऱ्यांची दारं वाजवत होता. तोंडावर सांगायचं की. मी काय मोडून पडलो असतो? याहून मोठे नकार पचवूनच पदवी घेतली होती. राग आला. आजही आहे, आणि तो लपवून गोड लेख लिहिणं मला जमणार नाही.

मेघनानं आतल्या खोलीतला नागेशचा जुना संगणक चालू केला, 'मेले' शोधलं आणि फाइल आणून जागेवर ठेवली. मी जिन्यावर क्लिक केलं.

वरची खोली. खाट, खिडकी, भिंतीला एक खिळा. बारका माणूस गुंडाळी उलगडतो आणि पदवी खिळ्याला लावतो, ती तिरकी होते, तो सरळ करतो, ती पुन्हा तिरकी होते. मला हसू आलं, आणि त्यात माझी थट्टा आहे हे कळूनही आलं. मग दारात मिशीवाला दिसला, दोन्ही हातांत कॉफीचे स्टीलचे पेले. मी त्याच्यावर क्लिक केलं, तो दाराआड गेला. पुन्हा आला, पुन्हा क्लिक केलं, पुन्हा गेला. खाटेवर, खिडकीवर, पेल्यावर, सगळीकडं करून पाहिलं. प्रत्येक वेळी तो मागं सरायचा.

"हात बाजूला घ्या बघू," वहिनी म्हणाल्या. "तुमी टकटक केलं की ते भितात."

मी माउस सोडला. बराच वेळ काही झालं नाही... मग तो आत आला. पेले ठेवले, खाटेच्या कडेला टेकला आणि त्याच्या डोक्यावर फुगा उमटला. "इष्टु होत्तु कुठं होता हो? पाटी लावली होती की." इष्टु होत्तु म्हणजे इतका वेळ. वहिनी उठून आत गेल्या.

मेघनानं ते सगळं माझ्या लॅपटॉपवर घालून दिलं आहे. तो माझ्यावर हसत होता का? होय, थोडा. तो माझा होता का? आजवरचा पुरावा बघता, होय, थोडा घाबरट, पण होय. हा लेख मी कागदावर हातानं लिहितोय. लॅपटॉप समोर उघडा आहे, पडदा आपोआप काळा होऊ नये अशी सोय केली आहे, माउस उचलून कपाटावर ठेवला आहे. कशालाही धक्का लागला नाही, तर तो उठत नाही. सकाळपासून बसला आहे.