आमची न झालेली दहावी

प्रत्येक बॅचकडे दहावीच्या परीक्षेचे किस्से असतात. आमच्याकडे परीक्षा न झाल्याचे आहेत! आम्ही चौघं, म्हणजे ओंकार, सुमेध, मनाली आणि मी, दिंडोशीच्या एकाच कॉलनीतले. आता सगळ्यांचं कॉलेजही संपत आलंय. तरी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा हातात आला, की कोणीतरी म्हणतंच, "यार, आपली दहावी..." आणि तासभर उठणं नाही.

खरं तर आम्ही चौघं नव्हतो, पाच होतो. पाचवी ओंकारची आई, परबकाकू.

काकूंची शाळा गावाला, कोकणात, नववीत सुटलेली. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. पुढे लग्न, मुंबई, पोळीभाजी केंद्रातली नोकरी. ओंकार दहावीत गेला, तेव्हा यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी देता येते, तो फॉर्म. म्हणाल्या, "गणिताच्या पेपराला एकदा बसायचंय मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

*

लॉकडाऊनमुळे आमच्या सरांचा गणिताचा क्लास मोबाइलवर चालायचा. परबांच्या घरात मोबाइल एक आणि विद्यार्थी दोन. त्यामुळे एकाच चौकटीत अर्धा ओंकार आणि अर्ध्या काकू दिसायच्या. एकदा प्रमेय चालू असताना मोठी घरघर सुरू झाली.

सर ओरडले, "ओंकार, मागे कसला आवाज?"

ओंकार भिंतीला टेकून चक्क झोपला होता. काकूंनी तोंड पुढे आणलं. "सर, मिक्सरवर वाटण लावलंय. पण प्रमेय कळलं मला, तुम्ही पुढे चला!"

*

परीक्षा रद्द झाल्याची बातमी टीव्हीवर आली, तेव्हा मी परबांकडेच होतो. ओंकारने सोफ्यावर उभं राहून बोंब ठोकली, "झाली रद्द! झकास!" भिंतीवरचं टाइमटेबल फाडून त्याचं विमान केलं आणि खिडकीतून सोडलं. समोरच्या बिल्डिंगमधूनही शिट्ट्या आल्या. कधी न भेटलेली पोरं एकमेकांना हात करत होती.

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"म्हणजे माझी पण?"

आम्ही दोघं खदाखदा हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत, हे ओंकारने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

हसू आमचंही टिकलं नाही म्हणा. दोन दिवस लोळून झाल्यावर ओंकारने मला फोन केला. "ए, आता करायचं काय रे?" वर्षभर ज्या पुस्तकांना शिव्या घातल्या, ती उघडायला काही कारणच उरलं नव्हतं. फार रिकामं वाटायचं.

*

सगळ्यात वाट लागली सुमेधची. आमच्यातला हुशार तोच. नववीत त्याला कावीळ झाली आणि मार्क घसरले. वर्षभर सगळ्यांना सांगत होता, "थांबा, दहावीत दाखवतो!" त्याचे बाबा बस कंडक्टर. त्यांनी तर पेपरांसाठी रजाही टाकून ठेवली होती.

आणि कळलं, की निकालात नववीचे मार्क धरणार.

सुमेध जिन्यात बसला होता. डोळे लाल. म्हणाला, "नववीत मला कोणी सांगितलं का नाही, की हीच दहावी आहे म्हणून?"

*

मनालीला दहावीसाठी नातेवाइकांनी सात पेनं दिली होती. सातही गणपतीपुढे ठेवलेली, कुंकू लावून. परीक्षा रद्द झाल्यावर बोरिवलीच्या आत्याचा फोन आला. मनालीला वाटलं, आत्या धीर देणार.

आत्या म्हणाली, "ते निळं पेन वापरलं नाहीस ना गं? पुढच्या वर्षी आमच्या सोनूची दहावी आहे!"

*

निकाल लागला. सगळे पास! मला शहात्तर टक्के, आणि कोणाला सांगायची लाज वाटत होती. काकूही पास झाल्या. पण खालच्या मजल्यावरच्या देसाईवहिनी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "यंदा काय बाई, सगळेच ढकलपास!"

काकू घरी आल्या आणि निकालाचा कागद साड्यांच्या खाली सारून दिला. पेढे आणायला निघालेल्या ओंकारला म्हणाल्या, "नको रे. कसले पेढे? माका नको ता ढकलपास."

*

क्लासची खोली परत उघडली आणि पहिल्याच आठवड्यात काकू सरांपुढे उभ्या राहिल्या. "सर, पेपर काढा. शंभर मार्कांचा, तीन तासांचा."

सर आधी हसले. मग त्यांनी काकूंकडे नीट पाहिलं आणि खरंच पेपर काढला.

रविवारी सकाळी आम्ही सगळे हजर. मनालीने काकूंच्या हातावर दहीसाखर ठेवली आणि आत्याचं ते निळं पेन दिलं. ओंकार दाराशी पाण्याची बाटली घेऊन उभा. "पाणी पी. आधी सोपी गणितं सोडव. आणि घाबरू नकोस हां, आई." बोलता बोलता अर्धी बाटली त्यानेच संपवली. सुमेधने डब्याच्या झाकणावर चमचा वाजवून घंटा दिली.

तीन तास आम्ही बाहेर बसून होतो. आत काकूंनी पुरवणी मागितली, तेव्हा आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. सर दारात येऊन ओरडले, "शांतता! पेपर चालू आहे!"

शेवटची घंटा झाली. काकूंनी दोऱ्याने पुरवणी बांधली आणि पेपर दिला. सरांनी तिथेच तपासला. दोनदा बेरीज केली.

"ताई, चौतीस झालेत. एकच कमी पडतोय. या शेवटच्या गणितात एक स्टेप बरोबर आहे, तिचा देतो."

काकूंनी पेपर ओढूनच घेतला. "हात लावू नका, सर!"

बाहेर आल्या. ओंकारने विचारलं, "आई, किती?"

"चौतीस. जा, अर्धा किलो पेढे घेऊन ये."

पेढ्यांचा बॉक्स आला. काकू तो घेऊन थेट खालच्या मजल्यावर गेल्या, आम्ही मागोमाग. देसाईवहिनींनी दार उघडलं.

"घ्या वहिनी, तोंड गोड करा. गणितात नापास झाले!"