कडी आतून लागली पाहिजे

यवतमाळला आमचं निवासी प्रशिक्षण लागलं, तेव्हा शाळेतल्या मोठ्या सरांनी मला बाजूला घेतलं आणि तुमचं नाव कापून घेतो म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. लहानपणी पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले, तेव्हापासून माझं सगळं वावरणं चाकाच्या खुर्चीवर. परक्या ठिकाणी बाईंचे हाल होतील, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मी म्हटलं, पहिलीची पोरं मी शिकवते, तर पहिलीचं प्रशिक्षणही मीच घेणार. नाव राहिलं.

भावानं वणीहून गाडीनं आणून सोडलं. इमारत नवी होती. समोर उतार व्यवस्थित बांधलेला, त्याला स्टीलचा कठडा. मला तळमजल्यावर खोली दिली. जवळच न्हाणीघर होतं आणि त्याच्या दारावर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र. खरं सांगते, ते चित्र पाहून जीव निवला.

सकाळी कपडे मांडीवर घेऊन आत गेले आणि कळलं. दार आतल्या बाजूला उघडत होतं. खुर्ची आत घेतली की दार चाकाला अडायचं. पुढे सरकावं तर भिंत. खुर्ची बाहेर ठेवावी तर ओल्या फरशीवरून हातांवर घसटत आत जायचं. नळ एका कोपऱ्यात आणि आधाराचा दांडा दुसऱ्या. शॉवर माझ्या डोक्यावर कुठेतरी, बसायला काहीच नाही. बांधणाऱ्यानं खुर्ची आत जाते एवढंच पाहिलं होतं. आत गेलेल्या बाईला दार लावायचं असतं, हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

माझ्या खोलीत आणखी दोघी होत्या. एक पांढरकवड्याच्या शाळेतली, दुसरी झरी जामणीकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, घरात कोलामी बोलणारी. दोघींनी मेसमधून प्लास्टिकची खुर्ची आणून आत ठेवली आणि दारात चादर धरून उभ्या राहिल्या. चादरीच्या पलीकडे बाया बादल्या घेऊन जात-येत होत्या. नाश्त्याला पोहे आहेत की उपमा, याची चौकशी चालली होती. अन् अलीकडे मी अंगाला साबण लावून बसलेली. माझ्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. पण पंख्याचा वारा आला की चादर हलायची, आणि मी अर्धी आंघोळ तशीच सोडून कपडे घातले.

बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत आई मला अंगणातल्या दगडावर न्हाऊ घालायची. तिला शेतावर जायची घाई. येणारा-जाणारा थांबून कपाशीचं बोलायचा आणि ती माझ्या डोक्यावर पाणी ओतता ओतता उत्तर द्यायची. एक दिवस मी सांगितलं, आता मी एकटी न्हाईन. ती म्हणाली, पडशील. मी म्हटलं, पडीन. मग बाबांनी गोठ्याच्या बाजूला टिनाची न्हाणी करून दिली आणि माझा हात पोचेल इतक्या खाली कडी बसवली. मी पडलेही. कोपर फुटलं. पण कडी आतून लागलेली होती, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे अंग माझं आहे.

दुपारी मी प्रशिक्षणाच्या मुख्य साहेबांना भेटले. दार उलटं बसवून द्या, एवढंच मागणं होतं. त्यांनी चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं. दार बांधकाम विभागाचं, आम्हाला हात लावता येत नाही, मागणी पाठवावी लागेल, असं बरंच सांगितलं. मग आवाज हळू करून म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता? घरी जा. हजेरी आम्ही लावून घेऊ."

त्या आवाजातल्या मायेनंच माझं डोकं तापलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हजेरी नाही पायजे, सर," मी म्हटलं. "आंघोळ पायजे. दार लावून."

ते हसले आणि पुढच्या कागदाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना पंजाबी ड्रेस घातला, साबण घेतला आणि इमारतीसमोर गेले. तिथे बागेला पाणी द्यायचा नळ आहे, त्याला सिमेंटचा ओटा. खुर्ची ओट्याला लावून मी त्यावर उतरले आणि नळ सोडला. नदीवर बाया न्हातात तशी, अंगावरच्या कपड्यानिशी. पाणी गार होतं. परिपाठाची वेळ झाली होती. लोक मैदानात जमू लागले, काहींनी माना फिरवल्या, कोणीतरी दबक्या आवाजात हसलं. मी केसांना साबण लावला.

झरीकडची मैत्रीण धावत आली. मला वाटलं, उठ म्हणेल. तिनं पदर खोचला, बादली नळाखाली लावली आणि मगानं माझ्या डोक्यावर पाणी ओतायला लागली.

साहेब गाडीतून उतरले ते तिथेच थबकले. पाठ वळवून, दुसरीकडे पाहत म्हणाले, "मॅडम, हे शोभते काय?"

"नाही शोभत, सर. म्हणूनच तर दार मांगून राह्यली."

ते आत निघून गेले. दुपारच्या जेवणाआधी सुतार आला. बिजागऱ्या काढून त्यानं दार बाहेर उघडेल असं बसवलं. बांधकाम विभागाचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. एका ज्येष्ठ बाईंनी जेवताना सुनावलं, की तिथं चार पुरुष होते, तुम्ही आम्हा सगळ्यांना मान खाली घालायला लावली. मी त्यांना म्हटलं, काल चादरीमागे न्हायली तेव्हा माझी मान खाली होती, ती कोणाला दिसली नाही. त्या ताट घेऊन दुसरीकडे बसल्या. शेवटपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटलं, कारण शिकवण्यात त्या आमच्यात सगळ्यांत चांगल्या होत्या.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला ही गोष्ट दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थंड्या पाण्यानं न्हायली काय व? आलं घालून चहा घे."

पुढच्या सकाळी मी दार ओढून घेतलं आणि कडी लावली. कडी उंच होती, खुर्चीतून अंग ताणून लावावी लागली, पण लागली. सावकाश न्हाले. बाहेर कोणीतरी घाई करून दार वाजवलं, तर सरळ सांगितलं, वेळ लागेल.

समारोपाला साहेबांनी मला आभार मानायला बोलावलं. मी सुताराचे आणि पाणी ओतणाऱ्या मैत्रिणीचे आभार मानले. मग माइक न सोडता सांगितलं, की कडी उंच आहे, बसायला पाट नाही, आणि आधाराचा दांडा नळापासून इतका दूर आहे की त्याला नुसता टॉवेल लटकवता येतो. मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. साहेब म्हणाले, पुढच्या खेपेला पाहू.

मी म्हटलं, पाहा. पुढच्या खेपेलाही माझं नाव राहणार आहे.